बेकसाहेबांनी वाटलेली खुर्ची

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर आधी माझ्या पाठीवरचा हसरा फोटो पाहाल. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे आणि फोटो आहे बेकसाहेबांचा.

निवडणुकीच्या दोन महिने आधी मी जहाजातून त्रिपोली या अरब शहराच्या बंदरात उतरले. बेकसाहेबांचे सिमेंटचे कारखाने होते, दोन हॉटेले होती आणि संसदेत एक जागा होती. ती जागा टिकवायची म्हणून त्यांनी माझ्यासारख्या बारा खुर्च्या विकत घेतल्या. औषधे, तेलाचे डबे, मुलांची फी, सगळे त्यांच्याच दारातून मिळायचे. सरकारकडे मागून काही मिळत नाही, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. ‘गरजवंताला अक्कल नसते’ असे म्हणून लोक हसतात, तेव्हा मला त्या हसण्याचा राग येतो. गरजवंत जाणार तरी कुठे?

माझ्या वाट्याला नुहादखाला, म्हणजे नुहादमावशी, आली. एकाहत्तर वर्षांची विधवा, मीना मोहल्ल्यात तळमजल्याच्या एका खोलीत एकटी राहणारी. पडून कंबर मोडल्यापासून चार वर्षे तिने उंबरठा ओलांडला नव्हता. बेकसाहेबांचा माणूस फव्वाज मला घेऊन आला, त्याने फोटो काढले आणि तो गेला.

दुसऱ्याच दिवशी ती स्वतः चाके ढकलत बेकरीपुढे पोहोचली. तिळाचे गोल पाव, ज्यांना तिथे काक म्हणतात, टोपलीत रचले होते. ती एकेक काक दाबून, हुंगून पाहू लागली.

“खाला, सगळा माल नासवशील!” बेकरीवाला ओरडला.

“चार वर्षं तू धाडलेला शिळा पाव मुकाट्यानं खाल्ला ना? आज मी निवडणार.”

काक मांडीवर घेऊन ती समुद्राकडे तोंड करून बसली. आपला जन्म कशासाठी झाला, ते मला त्या दिवशी कळले. मग मतदानापर्यंत आम्ही रोज बाहेर पडलो.

मतदानाच्या रविवारी सकाळीच फव्वाज हजर झाला. “चल खाला, बेकसाहेबांना मत द्यायचंय.”

खालाने ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधला होता. तिने ओळखपत्र पुढे केले. ते वाचता वाचता फव्वाजचा चेहरा उतरला.

“तुझी नोंद अक्कारच्या डोंगरात कशी? तू तर जन्मापासून इथलीच ना!”

“जन्म इथला. लग्न झालं आणि नाव गेलं नवऱ्याच्या गावच्या वहीत. त्या गावाला मी दोनदा गेलेय. एकदा लग्नात, एकदा त्याला पुरायला.”

“मग आधी सांगायचं नाही?”

“तू विचारलंस कधी?”

त्या देशात माणूस राहतो एकीकडे आणि मत देतो घराण्याच्या गावी. फव्वाजला हे ठाऊक होते, पण लहानपणापासून शेजारी पाहिलेल्या बाईची नोंद तपासावी, हे त्याला सुचलेच नव्हते. त्याने बेकसाहेबांच्या कचेरीत फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, “खुर्ची घेऊन ये. इथं मत असलेला म्हातारा ताटकळलाय.”

फव्वाजने खालाला उचलून दाराच्या पायरीवर बसवले. “माझ्या पोराची नोकरी त्यांच्या हातात आहे, खाला,” तो पुटपुटला.

“ठाऊक आहे रे. तुला नाही बोलत मी. पण एवढं सांग, माझी कंबर काय अक्कारमध्ये मोडली होती?”

फव्वाज खाली मान घालून मला ढकलू लागला.

त्या दिवशी मी सात जणांना मतदानाला नेले. बेकसाहेब निवडून आले आणि आम्हा बाराही जणींना कचेरीमागच्या खोलीत कुलूप लागले. पंधरा दिवसांनी दाराबाहेर फव्वाजचा आवाज आला.

“त्या खालाला खुर्ची द्या हो. पुन्हा खाटेला खिळलीय ती.”

“पुढच्या निवडणुकीला बघू,” कारकून म्हणाला.

त्याला आता सहा वर्षे झाली. मधल्या निवडणुकीत नव्या खुर्च्या आल्या, आमचे कुलूप कुणी काढलेही नाही. खालाचे काय झाले, ते मला कोण सांगणार?

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, पुसा, तेल घाला. मी उलटे मागते. मला जपू नका. ज्याला चालता येत नाही, त्याच्या दाराशी मला नेऊन सोडा आणि त्याचे गाव विचारू नका. माझी चाके अजून कोरी दिसतात, आणि मला त्याची लाज वाटते.