घंगाळाचे डबे

शेवटचा डबा सुहासिनीने फडक्याने कोरडा केला, त्यात फ्लॉवर-बटाट्याची भाजी भरली आणि झाकण दाबून बसवलं. पुढच्या डब्यासाठी हात मागे गेला तेव्हा हाताला नुसती फळी लागली. समोर अजून सहा माणसं उभी होती आणि शनिवारचे साडेबारा वाजले होते.

"अप्पा, डबे संपले," ती हळूच म्हणाली.

गल्ल्यावर बसलेल्या गोपाळकृष्णांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, चष्म्यावरून रांगेकडे पाहिलं. पोस्टाच्या खिडकीमागे छत्तीस वर्षं काढल्यामुळे रांगेला काय सांगायचं, हे त्यांना कधी शोधावं लागत नसे.

"ज्यांनी घरून डबा आणलाय त्यांनी पुढे या," ते म्हणाले. "बाकीच्यांनी ओंजळी धुऊन घ्याव्यात."

दोघं हसले. खांद्याला सॅक लावलेला एक मुलगा "सॉरी काकू, लंच ब्रेक संपतोय" म्हणत समोरच्या दुकानाकडे वळला. तिथे सगळं पातळ पिशवीत मिळायचं, अगदी उकळती आमटीसुद्धा. त्याच्यामागे आणखी दोघं गेले.

हे सगळं सुरू झालं होतं गेल्या पावसाळ्यात. विश्रांतवाडीतल्या या दुकानामागचा नाला तुंबला, महापालिकेच्या माणसांनी आत उतरून कचरा बाहेर ओढला आणि रस्त्याच्या कडेला त्याचा ढीग घातला. ढिगात प्लास्टिकचे चौकोनी डबे होते आणि त्यांवरचे कागद अजून शाबूत होते : 'सुहासिनी पोळी-भाजी केंद्र, घरगुती चव'. कमरेपर्यंत चिखलाने माखलेल्या एका माणसाने त्यातला एक उचलून विचारलं होतं, "ताई, हे तुमचंच का?" त्याच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता. त्याने सहज विचारलं, आणि सुहासिनीला त्या दिवशी स्वतःच्याच हातचं जेवण घशाखाली उतरलं नाही.

मग तिने माळ्यावरची सासूबाईंची पितळी भांडी काढली. दोन हंडे, परात, कळशा आणि अंघोळीचं पाणी घ्यायचं ते मोठं घंगाळ. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात ती सगळी मोडीत दिली आणि बदल्यात स्टीलचे शंभर डबे घेतले. गिऱ्हाइकाने डबा न्यायचा, घरी भाजी काढून घ्यायची, पुढच्या खेपेला धुऊन परत आणायचा. इतकी साधी गोष्ट.

घंगाळ मात्र गोपाळकृष्णांनी दुसऱ्या कुणाला उचलू दिलं नाही. रिक्षात ते मांडीवर घेऊन बसले, दुकानात तराजूवर स्वतः ठेवलं आणि परत येताना वाटेत एक शब्द बोलले नाहीत. त्याला आता आठ महिने होत आले होते. घरात घंगाळाचं नाव पुन्हा निघालं नव्हतं, आणि अप्पांना नेमकं काय वाटलं असेल हे विचारायचा धीर सुहासिनीला झाला नव्हता.

डब्यांसाठी अनामत घ्यावी, असं अप्पांचं मत होतं.

"अनामत घेतली की माणसाला डबा विकत घेतल्यासारखा वाटतो," ती म्हणाली होती. "उसना म्हटलं की तो जपतो."

"जपतो तर खरंच. इतका जपतो की परत देववत नाही," ते म्हणाले होते, आणि तरीही त्याच दुपारी त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात पाटी रंगवली होती : 'डबा उसना आहे. आपल्या घरच्यासारखा वापरावा. आपल्या घरचा समजू नये.'

अप्पांचा संशय होता भाड्याच्या फ्लॅटमध्ये दाटीवाटीने राहणाऱ्या, कंपन्यांत काम करणाऱ्या पोरांवर. पण झालं उलटंच. पोरं डबे परत आणत होती. कधी खरकटे, कधी झाकण एकाचं आणि डबा दुसऱ्याचा, पण आणत होती. परत येत नव्हते ते घरोघरचे डबे. शिक्षिका, निवृत्त कारकून, नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या, वर्षानुवर्षं येणारी भरवशाची माणसं. ती आधी डबा विसरल्याचं सांगत, मग ओशाळं हसत, मग येणंच कमी करत. सुहासिनीला याचा उलगडा होत नव्हता. लोकांना आपला खटाटोप नकोसा झालाय, एवढंच तिला दिसत होतं. सासूबाईंच्या संसाराची मोड केली आणि हाती काही लागलं नाही, हे मात्र तिच्या मनातून जात नव्हतं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर तिने फोन लावला.

"मच्छिंद्र, सोमवारी पूर्वीसारखे डबे आणून दे. हो, प्लास्टिकचेच. आणि पिशव्या पण."

आत पोळ्या लाटणाऱ्या तुळजाबाईचं लाटणं थांबलं. तिने सुहासिनीकडे एकदा पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा खाली मान घालून लाटू लागली. गोपाळकृष्ण वर्तमानपत्रात होते. त्यांनी पान उलटलं नाही.

संध्याकाळी सुहासिनी कुसुमबाईंकडे निघाली. आळंदी रस्त्याला लागून असलेल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहत. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे सगळी वस्तीच त्यांना बाई म्हणे. रोज तीन पोळ्या आणि अर्धी भाजी हा त्यांचा ठरलेला नेम होता, आणि तीन आठवडे त्या दुकानाकडे फिरकल्या नव्हत्या. डबे मागायचे की तब्येत विचारायची, हे सुहासिनीचं जिना चढून होईपर्यंत ठरलं नाही.

कुसुमबाईंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. बेंचखाली लपलेलं पोर सापडावं तसा.

"ये गं. मी येणारच होते. अगदी उद्याच."

"बरं आहे ना बाई? दिसला नाहीत, म्हणून आले."

"मला काय होतंय! बस. पाणी आणते."

पण सुहासिनी त्यांच्यामागून स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थांबली. ओट्यावर तिचे चार डबे ओळीने पालथे घातलेले होते. इतके लख्ख घासलेले की दुकानातून आणले तेव्हासुद्धा ते असे नव्हते. खाली स्वच्छ पंचा अंथरला होता. शेजारी गॅसची शेगडी कोरडीठाक. तिच्यावर एक चहाचं पातेलं, बाकी काही नाही.

"रागावलीस ना?" कुसुमबाई म्हणाल्या. "रागावशील नाही तर काय. चार-चार डबे अडकवून बसलेय."

"रागवायचं कशाला? पण बाई, जवळच तर दुकान आहे. येता-जाता ठेवून गेला असतात तरी चाललं असतं."

"रिकामे?"

त्यांनी ते असं विचारलं, की सुहासिनीला आपणच काहीतरी भलतं बोललो असं वाटलं.

"अगं, कुणाकडून आलेला डबा रिकामा कसा परत करायचा? जन्मात केला नाही मी. आणि तुझ्या डब्यात घालायचं काय? बाजारचं आणून घालू? तू अन्नपूर्णा, तुला मी फरसाण देऊ?" त्या ओट्याला टेकल्या. "हे गेल्यापासून मी काही करत नाही बघ. एकटीसाठी कढई चढवावीशी वाटत नाही. तीन आठवडे झाले असतील, म्हटलं लाडू करू चार. बेसन भाजता भाजता हात दुखला, करपलं. टाकून दिलं. मग तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. तेव्हापासून बिस्किटं खातेय दुधात."

सुहासिनीच्या डोळ्यांपुढून एकेक चेहरा जायला लागला. ओशाळं हसणारे कारकून, नजर चुकवून रस्ता ओलांडणाऱ्या आज्या. ज्यांना तिचा खटाटोप नकोसा झालाय असं ती समजत होती, ती सगळी माणसं आपापल्या ओट्यावर असे डबे घासून, पालथे घालून, त्यांत काय घालावं या विवंचनेत बसली होती. आणि पोरांना हा रिवाज कुणी शिकवलेलाच नव्हता, म्हणून त्यांचे डबे तेवढे परत येत होते. तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. आपली माणसं आपल्याला सोडून गेलेली नाहीत, एवढंच तिला कळलं आणि ते पुष्कळ होतं.

"बाई, तुमच्याकडे साखर आहे का?"

"आहे की."

"मग चिमूटभर साखर घाला. आमच्या सासूबाई तेच करायच्या. मीच विसरले होते सांगायला."

रविवारी सकाळी तुळजाबाई लोहगावाहून आली ती पदराखाली काहीतरी झाकून. पोळपाटाशी बसायच्या आधी तिने तीन डबे सुहासिनीपुढे ठेवले.

"तुळजाबाई, तुम्हीसुद्धा?"

"तर काय वैनी! म्हणलं, गावाकडनं गूळ आला की घालून दीन. गुळाला अजून वकत हाय. काल तुमी त्या मच्छिंद्राला फोन केला आन् माझा जीव खालीवर झाला बगा. रातच्याला शेंगा भाजल्या. मोकळं भांडं कसं आनावं मानसानं?"

गोपाळकृष्णांनी एक डबा उघडला, शेंगदाणा तोंडात टाकला, आणि कुसुमबाईंची हकिगत सुहासिनीकडून पुन्हा एकदा नीट ऐकून घेतली. मग ब्रश आणि रंगाची डबी मागवली. दुपारपर्यंत जुन्या पाटीखाली नवी पाटी लागली होती : 'रिकामा डबा घेतला जाईल. मन धजत नसल्यास चिमूटभर साखर घालावी. याहून अधिक घालून दुकानाशी स्पर्धा करू नये.'

पाटीचा फोटो कुणीतरी काढला आणि तो सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरला. सोमवारी अकरा वाजल्यापासून माणसं येऊ लागली. कापडी पिशवीत दोन, नातवाच्या दप्तरात एक, स्कूटरच्या डिकीत पाच. प्रत्येक जण डबा देताना आधी झाकण उघडून साखर दाखवत होता. सुहासिनी ती एका बरणीत ओतत होती, प्रत्येकाला "थँक यू हं" म्हणत होती, आणि काही वेळाने नुसती मान हलवू लागली. आपण या लोकांसाठी काहीतरी करतोय असं तिला आठ महिने वाटत आलं होतं. आज ते उलटं दिसत होतं.

बाराच्या सुमारास मच्छिंद्रचा टेम्पो लागला. खोकी उतरवायच्या आधी त्याने रांग पाहिली, डबे पाहिले, पाटी वाचली.

"वैनी, मी वाघोलीवरनं आलोय एवढ्या ट्रॅफिकमधनं. आता माझं काय?"

"डबा आणलायस का?" गोपाळकृष्णांनी विचारलं.

मच्छिंद्र हसला. "माल तर जाईल हो दुसरीकडं. जेवायचं राहिलंय म्हणून विचारतोय."

"मग उसना ने. पुढच्या सोमवारी परत आण. साखर घरची घाल, कुणाच्या दुकानातली पुडी नको."

वांग्याची भाजी भरलेला डबा घेऊन मच्छिंद्र खोक्यांसकट परत गेला.

रांगेच्या शेवटी कुसुमबाई होत्या. जिना उतरून, गुडघा धरत आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून तीन डबे काढले, तिन्हींत साखर. चौथा पुढे केला, पण झाकणावरचा हात काढला नाही.

"हा उघडू नकोस आत्ता. नंतर उघड. सवय गेलीय माझी."

गोपाळकृष्णांनी तो उघडला. पाटीवरचे नियम ते स्वतःला लावत नसत. आत तीन थालीपिठं होती, कडा चांगल्याच करपलेल्या, मधली भोकं एकीकडे सरकलेली. सुहासिनीच्या हातच्या प्रत्येक भाजीत मीठ कमी आहे असं सांगणाऱ्या या माणसाने एक थालीपीठ उचललं आणि उभ्या उभ्या खायला सुरुवात केली. कुसुमबाई बघत होत्या.

"तिखट झालंय का हो?"

"झालंय," गोपाळकृष्ण म्हणाले, आणि दुसरं उचललं.

कुसुमबाईंनी तीन पोळ्या आणि अर्धी भाजी घेतली आणि त्या सावकाश निघून गेल्या. गोपाळकृष्ण डबा घेऊन मागच्या नळावर गेले. त्यांनी तो स्वतः घासला, धुतला, खांद्यावरच्या पंचाने आतून-बाहेरून पुसला. मग तो हातात धरून थोडा वेळ तिथेच उभे राहिले. सुहासिनी पाहत होती.

"घंगाळ फार जड होतं," ते म्हणाले, तिच्याकडे न बघता. "तिला भरलेलं उचलवायचं नाही. मीच न्हाणीत नेऊन ठेवायचो."

त्यांनी डबा सुहासिनीच्या हातात दिला.

"आता बरं आहे. कुणालाही उचलता येतं."

तिला तिथल्या तिथे वाकून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण रांगेत आणखी चार माणसं येऊन उभी राहिली होती. तिने डब्यात भाजी भरली आणि झाकण दाबून बसवलं. गोपाळकृष्ण गल्ल्यावर जाऊन बसले.

"पुढे कोण आहे?" त्यांनी विचारलं. "डबा दोन्ही हातांनी धरा. माझ्या बायकोचा आहे."