सत्तेचाळीस नंबरची नळी

दादाला मी खोटं सांगून सुईखाली झोपवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला माझी कीव करायचा मोह व्हायला नको.

मी प्रयोगशाळेत काम करते. मनाचे आजार असलेल्या माणसांच्या रक्तात आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्यात कुठली प्रथिनं कमी-जास्त होतात, ते आमच्याकडे मोजतात. माणूस एक, नळ्या दोन: एक रक्ताची, एक त्या पाण्याची. नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. आजारी आणि निरोगी माणसांच्या नळ्या एकाच फ्रीजरमध्ये शेजारी-शेजारी असतात आणि कोण कुठला, हे मोजणाऱ्याला शेवटपर्यंत कळू देत नाहीत.

दादा तीन वर्षं आजारी होता. मोरीतल्या पाइपातून त्याला माणसं बोलताना ऐकू यायची आणि ती त्याच्याबद्दलच बोलायची. आधी आंघोळ सुटली, मग नोकरी. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. बाबा म्हणाले, "नाव काय, कशालाही देता येतं. मोजलं का कुणी?"

बाबा दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करतात. पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन चाळीस वर्षं हिंडले. ताप थर्मामीटरवर दिसतो, साखर रक्तात दिसते. पोराचं दुखणं कशावर दिसतं ते दाखवा, मानतो मी, असं त्यांचं म्हणणं. तोवर सगळं नाटक. एकदा त्यांनी त्याच्यावर हातही उचलला. दादा एवढा सहा फुटी माणूस, पण त्याने तो हात अडवलासुद्धा नाही. "मी नाटक नाही करत हो बाबा," एवढंच म्हणाला.

मग मी शक्कल लढवली. मोठी अक्कलवाली ना मी! दादाला म्हटलं, "आमच्याकडे एक तपासणी आहे. पाठीतलं थोडं पाणी घेतात. रिपोर्ट आला की टाकू बाबांच्या पुढ्यात. मग बघू काय बोलतात ते."

"त्यात दिसेल?"

"दिसेल की!"

संमतीच्या फॉर्मच्या तिसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलेलं असतं की कुणालाही स्वतःचा निकाल मिळणार नाही, फक्त दोन्ही गटांची सरासरी ताडून बघितली जाईल. ते वाक्य मला तोंडपाठ आहे. मी दादाला थेट शेवटचं पान उघडून दिलं. "इथे सही कर." त्याने न वाचता केली, कारण सांगणारी मी होते.

गुडघे पोटाशी घेऊन तो कुशीवर झोपला. घरच्या माणसाचा नमुना आम्ही हाताळायचा नसतो, पण मी नर्सला मस्का मारून आत उभी राहिले. पाणी थेंब-थेंब पडत होतं, नळाच्या पाण्याइतकं स्वच्छ. "हलू नकोस हं," मी म्हटलं. "तू आहेस ना," तो म्हणाला आणि खरंच हलला नाही. त्याच्या नळीवर सत्तेचाळीस नंबर मीच चिकटवला.

दुसऱ्या दिवशी त्याने रिपोर्टसाठी पारदर्शक प्लास्टिकची फाइल आणून ठेवली. मग दर आठवड्याला विचारायचा, "आला का गं माझा रिपोर्ट?" मशीन बंद आहे. मॅडम रजेवर आहेत. थापा मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही. असे चार महिने गेले.

एका दुपारी तो घरातून निघाला आणि हायवेवर सरळ चालत गेला. ट्रकवाल्याची चूक नव्हती, असं बघणाऱ्या सगळ्यांनी सांगितलं. त्याच्या खिशात घराची किल्ली होती. म्हणजे परत यायचं होतं त्याला, असं मी धरून चालते. दुसरं काही धरलं तर सकाळी अंथरुणातून उठणं व्हायचं नाही मला.

त्यानंतर दोन महिन्यांनी नंबर उघडले, म्हणजे कुठला आजारी आणि कुठला निरोगी ते कळलं. दोन्ही गटांच्या सरासरीत चांगला फरक निघाला. डॉक्टरमॅडम खूश होत्या, सगळ्यांना चहा मागवला. कागदावर प्रत्येक नंबरचा एकेक ठिपका होता, त्यात मी सत्तेचाळीस शोधला. दादाचा ठिपका निरोगी माणसांच्या घोळक्यात, अगदी मधोमध होता. रक्ताचाही आणि पाण्याचाही.

"एकेकट्या ठिपक्याला अर्थ नसतो. तुला का ते नव्याने सांगायचं?" मॅडम हळूच म्हणाल्या.

माहीत होतं. तरी फ्रीजरच्या खोलीत जाऊन, त्याच्या दाराला डोकं टेकून मी पोटभर रडले.

घरी जाताना ठरवलं की बाबांना सांगायचं, दिसलं म्हणून. दादाला दिलेला शब्द पाळायचा, मग ती शेवटची थाप का असेना. बाबा टेबलावर पेटी उघडून वजनं पुसत बसले होते. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"दादाचा रिपोर्ट आला, बाबा. तो नाटक करत नव्हता. दिसलंय यात."

त्यांनी चष्मा लावला. ठिपक्यांवरून नजर फिरवली, दोन्ही घोळक्यांखाली लिहिलेलं 'आजारी' आणि 'निरोगी' वाचलं. "यातला आपला कुठला?"

बोट आजारी माणसांकडे न्यायचं ठरवलं होतं मी. मापाच्या बाबतीत त्यांच्याशी खोटं बोलायला बोट धजेना. ते सत्तेचाळीसवर गेलं.

"हा तर निरोगी माणसांत आहे."

"हो."

आता म्हणतील, बघ, मी सांगत नव्हतो? मी त्याचीच वाट बघत होते. बाबांनी हातातलं वजन पुन्हा पुसलं.

"पोती तोलायच्या काट्यावर अंगठी ठेवली तर काटा हलत नाही," ते म्हणाले. "दुकानदार विचारतात, बिघडला का हो? मी सांगतो, काटा ठीक आहे, एवढं बारीक त्याला कळत नाही. अंगठी आहेच की तिथे." वजन पेटीत ठेवायला गेले, तर त्यांना खाच सापडेना. "चाळीस वर्षं सांगतोय मी हे लोकांना. दुकानादुकानात सांगतोय." आणि बाबा रडायला लागले. त्यांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं, दादाला नेलं तेव्हासुद्धा नाही.

मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण ते स्वतःला एवढं कोसत असताना मला गप्प राहवेना. मी सगळं ओकून टाकलं: तिसरं पान, शेवटचं पान, मशीन, मॅडमची रजा.

बाबा उठले आणि दादाच्या कपाटातून ती प्लास्टिकची फाइल घेऊन आले. आत काही नव्हतं.

"ही मला दाखवायला आणली होती त्याने," ते म्हणाले. "म्हणाला, बाबा, उगाच भांडणं होतात, रिपोर्ट येईपर्यंत आपण नको बोलायला. आला की बोलू. मी म्हटलं, बरं. चार महिने समोरासमोर जेवलो आम्ही. रोज वाटायचं, विचारावं, कसा आहेस. मग वाटायचं, येईलच आता रिपोर्ट."

त्यांनी ती फाइल टेबलावर त्या कागदाशेजारी ठेवली.

"तो येणारच नव्हता?"

"नाही, बाबा."

"हे आधी सांगायचं होतंस गं," बाबा म्हणाले. "मी बोललो असतो त्याच्याशी."