प्रणिताच्या तोंडावरचा स्कार्फ

रंग विटला, कडा उसवल्या, तरी अजून रोज कामावर जाणारा असा मी एक सुती स्कार्फ आहे, मित्रांनो. आमच्या आदिलाबादकडे ऊन असं की मुली डोळे तेवढे उघडे ठेवून अख्खं तोंड बांधतात आणि मगच स्कुटीवर बसतात. त्यामुळे आमचा मान मोठा. घरातून निघताना आरशाआधी आमची शोधाशोध होते.

मी कुठल्या मागावर विणला गेलो ते गठ्ठ्यात दबून विसरलो. रंग मात्र झकास मोरपंखी होता. कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या सुवर्णाने मला गिऱ्हाइकांपासून लपवून ठेवलं आणि प्रणिताला दिलं. प्रणिता तलमडुगुजवळच्या खेड्यातली, वीस-एकवीस वर्षांची, शहरात डिग्रीला शिकणारी. दोघी एका खोलीत राहत. लोकांच्या लेखी त्या मैत्रिणी होत्या, पण त्यांचं एकमेकींवर प्रेम होतं. स्कुटीवर प्रणिता सुवर्णाच्या पाठीवर गाल टेकायची आणि माझ्याआड तिला कोणी ओळखत नसे. तेव्हा मी फार ऐटीत असायचो.

पुढे सुवर्णा बदलली. वर्गातल्या मुलींशी बोलायचं नाही, फोन तिच्या हातात द्यायचा, उशीर झाला की जाब द्यायचा. एकदा थप्पड बसली. मग रडारड, माफी, जिलेबी. आणि काही दिवसांनी पुन्हा थप्पड. सुवर्णाच्या घरच्यांनी तिचं प्रेम कळताच तिला घराबाहेर काढलं होतं. प्रणिताही गेली तर आपलं कोणीच उरणार नाही, ही भीती तिच्या हातात उतरायची. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा.

"मी चालली गावाले," प्रणिता एकदा म्हणाली.

"जाय ना. तुह्या मायले सांगीन आपलं काय हाये ते. मंग पाहू, तुले कोन घरात घेते."

प्रणिता पिशवी ठेवून खाली बसली. दार सताड उघडं होतं, मित्रांनो.

घरमालकीण कुसुमबाईंना सगळं ऐकू यायचं. "पोरीपोरींचं भांडन, होते असं," म्हणत त्या टीव्हीचा आवाज वाढवत. मुलीने मुलीला मारलं तर ते मारणं कसलं, असं त्यांना वाटे. पोलिसांत जायचं, तर आधी नातं सांगावं लागणार. मी आता ऊन नसतानाही बांधला जाऊ लागलो. गालावरचे वळ झाकायचे हे काम मला कधीच आवडलं नाही.

कापूस वेचायला प्रणिता गावी, घरी आली. वेचणीत सगळ्याच बाया तोंड बांधतात, म्हणून तिचं खपून गेलं. पण जेवायला बसल्यावर सगळ्यांची फडकी सुटली आणि हिने मला सोडलं नाही. "घास कसा खाशीन मा? काऊन बांधून राह्यली?" म्हणत तिच्या आईने, रेणुकाबाईंनी, मला खाली ओढलं. वळ दिसला. मला वाटलं, सुटली पोर.

"कोन्या पोरानं मारलं?"

"कोन्याच पोरानं नाही."

"घे माही शपथ."

"तुही शपथ, माय. माह्या जिंदगीत पोरगाच नाही."

ते खरंच होतं. रेणुकाबाईंचा जीव अर्धा भांड्यात पडला.

"माय, मले तिथं जायचं नाही," प्रणिता हळूच म्हणाली.

"काऊन? सुवर्णा हाये ना संगं!"

प्रणिताने मला पुन्हा तोंडावर ओढून घेतलं. कोणी पोरगं मागे लागलं असणार, या धास्तीने आईने स्वतःच सुवर्णाला फोन लावला. "तूच येऊन घेऊन जाय, बाई. हिले एकटी सोडू नको. कोनाशी बोलते, कुठं जाते, पाहत जाय."

सुवर्णा आली. आईच्या पाया पडली, भाकर खाल्ली. "मी हाये ना, मावशी," म्हणाली. रेणुकाबाईंनी मला झटकलं, लेकीच्या गालावरून हलक्या हाताने फिरवलं, उन्हाचा त्रास नको म्हणून मागे दोन गाठी घट्ट मारल्या आणि तिला स्कुटीवर बसवून दिलं. गाव मागे पडेपर्यंत मी पुरता भिजलो होतो.

मित्रांनो, मला नीट धुवा, जपून ठेवा, असं काही माझं मागणं नाही. तुमच्या घरातलं कोणी असं तोंड बांधून जेवायला बसलं, तर पोरगा कोणता ते विचारू नका. कोण मारतं, एवढंच विचारा. आणि नाव कोणाचंही आलं, तरी तिला घरातच ठेवून घ्या.