अकरा नमः शिवाय

"अक्का, टीव्ही बघितला का? लढाऊ विमानाचा कॉम्प्युटर हवेतच बंद पडला म्हणं. तुमचं अकरा नमः शिवाय सांगायला पाहिजे होतं की त्यांना!"

दुधनी शाखेचा शरणबसव फोनवर खदखदून हसत होता. सुकन्याच्या हातातलं पेन कागदावर होतं तिथंच राहिलं.

पतसंस्थेच्या सोलापूरच्या कचेरीत एकवीस वर्षं तिचं काम एकच. कुठल्या शाखेचं मशीन अडलं की तिला फोन यायचा. ती शांतपणे सांगायची, "बंद करा. अकरा वेळा नमः शिवाय म्हणा. मग चालू करा." लोक घाईनं लगेच बटण दाबायचे, म्हणून तिनं काढलेली ही युक्ती. घड्याळ बघा म्हटलं तर कुणी बघत नसे. देवाचं नाव मात्र कुणी अर्ध्यावर सोडत नसे.

"आणि पायलट?" तिनं विचारलं.

"विमान पडलं म्हणं शेतात. नाव सांगत न्हाईत अजून." मग शरणबसवला आठवलं. त्याचं हसू विझलं. "अक्का… आपला अमरेश पण तसलंच विमान…"

तिनं फोन ठेवला. मुलाचा, अमरेशचा मोबाईल बंद होता. पुन्हा लावला. बंद.

गौरीच्या जेवणाला दोघं आले होते, अमरेश आणि त्याच्याच तुकडीतला उदयसिंह, उजनीच्या काठचा. त्यानंच विचारलं होतं, "काकू, उडताना स्क्रीन काळी झाली तर कुणाला फोन लावायचा?" तिनं कचेरीतला आवाज काढला, "घाबरू नका, सर. बंद करा, अकरा वेळा नमः शिवाय म्हणा, चालू करा." उदयसिंहाला हसता हसता मठ्ठ्याचा ठसका लागला. अमरेश म्हणाला, "अव्वा, तेवढ्यात आमी जमिनीवर की!"

त्या वेळी तीही हसली होती.

असली बातमी फोनवर देत नाहीत, गणवेशातली माणसं घरी येतात, हे तिनं कधीतरी ऐकलं होतं. तिनं शेजारच्या काशम्माला फोन लावला.

"आमच्या दारात गाडीबिडी थांबलीय का गं?"

"गॅसवाला आलता. का गं, कोण यायचंय?"

"कुणी नको यायला," ती म्हणाली आणि फोन घट्ट धरून बसली. पलीकडच्या टेबलावरच्या वैजयंतीनं समोर ठेवलेल्या चहावर साय धरली. वीस मिनिटांनी तिनं पुन्हा काशम्माला विचारलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी काशम्मानं काही न विचारता सांगितलं, "मी दारातच बसलेय, बाई. कुणी न्हाय आलं."

दीड वाजता अनोळखी नंबर आला. तिला बटण दाबवेना. वैजयंतीनं दाबून फोन तिच्या कानाला लावला.

"अव्वा, मी हाय."

तिला रडू आलं नाही.

"उदय गेला, अव्वा."

"कसं?" तिनं विचारलं.

"मी खाली रेडिओवर होतो. स्क्रीन काळी झाली म्हणाला, बंद करून चालू करतोय म्हणाला. आणि मला हसवायला मोजायला लागला. तुझंच. सात ऐकू आले."

"आणि उडी?"

"उशिरा मारली."

सुकन्यानं टेबलाची कड धरली.

"अव्वा, ऐक. बंद करून चालू करायचं आमच्या पुस्तकातच हाय. तू न्हाय शिकवलंस ते."

"व्हय," ती म्हणाली. पण पुस्तकात अकरा मोजायला सांगितलेलं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही.

तीन वाजता दुधनीचा फोन आला. शरणबसवचा आवाज खाली उतरला होता.

"अक्का, अमरेश बरा हाय न्हवं?"

"बरा आहे."

"मगाशी लई चुकलं माझं. आता मशीन काळं पडलंय, लोक उभे हायेत. दुसऱ्या कुणाला विचारू का?"

"नको. बंद करा."

"केलं."

आज आपण म्हणावं की नाही, त्याला कळेना. तेवढ्यात पलीकडून सुकन्याच म्हणू लागली. एकेक शब्द सुटा, सावकाश. नमः शिवाय. नमः शिवाय. नमः शिवाय. नमः शिवाय.

"आता चालू करा."

"अक्का, चारच झाले की."

"सात आधी झालेत," ती म्हणाली. "करा चालू."