दोनदा वजा केलेली धूळ

आमची रचनाताई राहायला कळव्यात आणि मनाने आकाशगंगेच्या मध्यावर, अशी चार वर्षं गेली. गॅसवर दूध उतू गेलं तरी बाईंना पत्ता नसायचा. मी चिडायचे, पण सोसायटीत तिच्याबद्दल कुणी विचारलं की माझीच मान ताठ व्हायची.

तिचं काम तसं समजायला सोपं. आकाशगंगेचा मध्य आणि आपण यांच्यामध्ये धूळ भरलेली आहे. धुळीतून येताना ताऱ्याचा उजेड लालसर होतो. किती धूळ आहे ते काढायचं, तेवढी लाली वजा करायची, म्हणजे ताऱ्याचा खरा रंग कळतो आणि रंगावरून वय; ती बघायची त्या ताऱ्यांत जितका निळसर तितका जुना, कारण त्यात धातू कमी. असं करता करता ताईला मध्याच्या एका बाजूला फार जुन्या ताऱ्यांचा घोळका सापडला. आकाशगंगा बनायला सुरुवात झाली ती यांच्याभोवती, असं तिचं म्हणणं. तिची सगळी पीएचडी त्या घोळक्यावर उभी होती. त्यावरचा तिचा लेख छापायला स्वीकारला गेला आणि बाबांनी बुद्धविहारात रविवारी तिचा सत्कार ठरवून टाकला.

शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर ताई अंधारात लॅपटॉप मिटून बसलेली.

"माया, माझ्याकडे आलेल्या आकड्यांतून धूळ आधीच काढलेली होती," ती म्हणाली. "मी परत काढली."

"मग आता नीट कर ना."

"केलं. घोळकाच नाहीये. जिथे धूळ दाट, तिथे मी जास्त वजा केलं, म्हणून तिथलेच तारे जास्त निळसर, म्हणजे जुने दिसले. मी इतकी वर्षं धुळीचा नकाशा काढत बसलेले."

मी दिवा लावला. तिचे गाइड निवृत्त होत होते आणि नवा विषय घ्यायला विद्यापीठ मुदत देणार नव्हतं. तिने तेही विचारून घेतलं होतं.

बाबा आत शर्टाला इस्त्री करत होते. आमचे बाबा, बाबुराव, दर रविवारी विहारात मुलांचा वर्ग घेतात. कुणी सांगितलं म्हणून काही मानायचं नाही, आधी स्वतः तपासायचं, हे आम्ही दोघी त्यांच्याकडूनच शिकलो. ताई म्हणूनच उठून लगेच त्यांच्याकडे गेली. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, इस्त्री बंद केली.

"रविवार होऊन जाऊ दे," ते म्हणाले.

"बाबा, ते खरं नाहीये."

"अगं, इथे कोण तपासणारे? लोकांना सांगून बसलोय मी."

 ताई बाहेर आली आणि लेख मागे घेत असल्याचा मेल लिहून पाठवला. बाबांचा मला संताप आला. आयुष्यभर लोकांसमोर ताठ उभा राहिलेला हा माणूस लोकांनाच इतका घाबरत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

रविवारी ताई गेली नाही. तिला ताप आहे असं सांगून बाबांनी तिच्या वतीने शाल घेतली. मी मागच्या रांगेत होते. ते बोलायला उभे राहिले आणि मुलांना त्या जुन्या ताऱ्यांची गोष्ट सांगायला लागले. पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं, "काका, नक्की कशावरून?"

"आमच्या रचनाने सांगितलं म्हणून," बाबा म्हणाले. टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर ताईने मला विचारलं आणि मी जसंच्या तसं सांगितलं. बोलून झाल्यावर वाटलं, जीभ आवरायला हवी होती. ती रडली असती तर बरं झालं असतं. "बरं" म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

आता ती मानपाड्याला एका कंपनीत जाते. बाबांना वेळेवर गोळ्या देते, ताट वाढते, भाजीत मीठ कमी आहे का विचारते. त्यापलीकडे त्यांना काही विचारत नाही.