तोरणमाळचा घास

फैजपूरच्या पितांबर डॉक्टरांपुढे सहलीचं नाव काढलं, की ते आधी ‘नाही’ म्हणायचे आणि मग कुठे जायचंय ते विचारायचे. दवाखाना, घर आणि रविवारी केळीच्या बागेत एक चक्कर. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. एकोणनव्वदच्या थंडीत त्यांनी तोरणमाळला जायचं कबूल केलं, तेव्हा अख्ख्या पेठेला नवल वाटलं. पण बरं झालं बाबा, कबूल केलं! तिथे शिकले नसते, तर आज त्यांच्या बायकोच्या, इंदिराबाईंच्या फोटोला हार असता. डॉक्टर स्वतःच हे सांगतात, येईल त्या पेशंटला सांगतात, औषधाची चिठ्ठी अर्धी लिहून बाजूला ठेवतात आणि सांगतात.

खरं तर कबुली त्यांची नव्हतीच. डॉक्टरांच्या मंडळाचे चिटणीस लीलाधर पाटील म्हणजे जळगावचा एक खटपट्या माणूस. मंडळानं नव्या उपचारांवर व्याख्यानं ठेवावीत आणि डॉक्टर मंडळींनी हॉलमध्ये येऊन, जेवून, खुर्चीत छान पेंगावं, असं बरीच वर्षं चाललं होतं. शेवटी लीलाधर वैतागले आणि त्यांनी टूम काढली: सकाळी व्याख्यान, दुपारी डोंगर. नवीन वैद्यकी शिका आणि सातपुड्याच्या कड्यावरून दोर धरून उतरा. बायकांनाही आणा, त्यांनाही शिकू द्या.

‘‘लीलाधर, साठीला आलो मी. आता काय माकडासारखा दोराला लोंबकळू?’’ पितांबर म्हणाले. ‘‘आणि दवाखाना कोण बघेल?’’

इंदिराबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कपबशी टेबलावर जरा आपटूनच ठेवली. ‘‘लीलाधरभाऊ, आमची दोघांची नावं लिहा. यांचं लगन माझ्याशी नही, दवाखान्याशी लागेल आहे. मले डोंगर पाहायचा आहे. हे नही आले तर मी एकटी येते.’’

झालं. बाईनं असं म्हटल्यावर डॉक्टरांचं काय चालणार! चोपडा, शिरपूर, शहादा करत जीपगाड्या निघाल्या. टपावर दोर, तंबू आणि औषधांच्या पेट्या; आणि त्यांच्या बरोबरीनं बामणोदच्या वांग्यांचं पोतं आणि कपाशीच्या काड्यांचा भारा. खानदेशी माणूस स्वर्गात जरी गेला तरी थंडीत तिथे आधी भरिताला जागा शोधेल. घाटाची वळणं सुरू झाली तसे पितांबर डोळे मिटून बसले. इंदिराबाईंनी मात्र खिडकीतून तोंड बाहेर काढलं, पदर वाऱ्यावर सोडला आणि पोरीसारख्या हसत सुटल्या. डॉक्टरांनी एक डोळा उघडून पाहिलं. बायकोचं असं हसू त्यांनी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. आपण हिला कुठेच नेलं नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःचा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याकाठी सतरंज्या टाकून व्याख्यान झालं. शिकवायला धुळ्याच्या भूलतज्ज्ञ डॉक्टर सुनंदाबाई होत्या. विषय होता, घास श्वासनलिकेत अडकला तर काय करायचं.

‘‘माणूस खोकतोय तोवर त्याला खोकू द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पाणी पाजू नका. पण आवाज बंद झाला, बोलता येईना, हात गळ्याशी गेला, की थांबायचं नाही. मागून मिठी मारा. बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवा. दुसऱ्या हातानं ती धरा आणि आत, वरच्या बाजूला जोरात झटका द्या. घास निघेपर्यंत देत राहा. चला, जोड्या करा. आता नुसतं दाखवायचं, जोर लावायचा नाही.’’

तरुण डॉक्टर हसत-खिदळत एकमेकांना मिठ्या मारू लागले. पितांबर हळूच उठून चपला शोधायला लागले. चार लोकांत बायकोशी दोन शब्दही न बोलणारा माणूस तो. मिठी? तीही चौघांसमोर? ‘‘आमच्या वेळी पाठीत थाप मारायला शिकवलंय, तेवढं पुरे,’’ ते पुटपुटले.

‘‘काहून पळू राह्यले?’’ इंदिराबाईंनी त्यांचा सदरा धरला. ‘‘या इकडे. मी होते पेशंट.’’ त्या सरळ पाठ करून उभ्या राहिल्या. मंडळी टाळ्या वाजवू लागली. डॉक्टरांचे कान लालभडक. त्यांचे हात हवेतच राहिले, तसे इंदिराबाईंनी ते मागून ओढून घेतले आणि स्वतःच्या पोटावर टेकवले. ‘‘अठीच ना हो बाई?’’

‘‘थोडं वर,’’ सुनंदाबाई म्हणाल्या. इंदिराबाईंनी नवऱ्याची मूठ बोटभर वर सरकवली आणि दाबून धरली. ‘‘आता ध्यानात ठेवा,’’ त्या म्हणाल्या.

दुपारी भरिताचा बेत होता. सुनंदाबाई तरुण मंडळींना घेऊन कड्यावर दोर बांधायला गेल्या, आणि ज्यांचे गुडघे कुरकुरत होते ते सगळे वांग्यांभोवती राहिले. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, कुटली. फोडणीत कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे चांगले जाड काप पडले. केळीच्या पानांवर भरीत आणि गरम पुऱ्या. तेवढ्यात लीलाधर उठून उभे राहिले.

‘‘मंडळी, आपल्या पितांबरभाऊंना या महिन्यात साठ पूर्ण झाली! आता नाव घ्यायचं आणि घास भरवायचा. आणि घास कसा? मोठा!’’

‘‘मोठा! मोठा!’’ सगळे ओरडले.

आता जोडप्यानं घास भरवायचा म्हणजे मागे लोकांनी ‘मोठा, मोठा’ ओरडायचंच. आपल्याकडे त्याशिवाय मंगलकार्य पार पडत नाही. डॉक्टरांनी पुरीत भरीत भरलं. इंदिराबाईंनी पदर सारखा केला आणि खड्या आवाजात सुरुवात केली:

‘‘सातपुड्याच्या माथ्यावर तळं काठोकाठ...’’

पुढे आपलं नाव येणार, एवढ्या लोकांत येणार, या नुसत्या विचारानं डॉक्टरांना घाम फुटला. एकदाचं उरकू द्या, म्हणून त्यांनी नाव यायच्या आतच तो घास इंदिराबाईंच्या उघड्या तोंडात कोंबला. त्याच क्षणी त्या हसल्या.

‘‘लागला ठसका!’’ लीलाधर म्हणाले. ‘‘वहिनी, माहेरचं कोणीतरी आठवण काढतंय!’’ एक हशा उसळला. इंदिराबाई एकदा खोकल्या. दुसऱ्यांदा खोकायला गेल्या, पण आवाजच आला नाही. त्यांचा हात गळ्याशी गेला. डोळे मोठे झाले.

मग एकच गलका. भोवती डॉक्टरच डॉक्टर, आणि प्रत्येकाचा सल्ला निराळा. ‘‘वर बघा, वहिनी!’’ ‘‘पाठीत मारा!’’ ‘‘पेटी कुठेय? पेटी आणा!’’ जीपचा ड्रायव्हर झुलाल तांब्या घेऊन धावला, ‘‘पानी ल्या, माय, पानी ल्या!’’ इंदिराबाईंचे ओठ निळसर व्हायला लागले. मोठा दवाखाना घाट उतरून शहाद्याला, आणि सकाळी शिकलेली मंडळी हातात पुरी घेऊन उभी.

पितांबरांनी बायकोच्या डोळ्यांत पाहिलं. ती दुसऱ्या कोणाकडे बघतच नव्हती, त्यांच्याकडेच बघत होती. ‘देवा, मीच केलं हे,’ एवढंच त्यांच्या मनात आलं. क्षणभर तो जन्माचा संकोच पायात आला, लोक काय म्हणतील म्हणून. आणि मग गेला खड्ड्यात तो संकोच! त्यांनी झुलालचा तांब्या उडवून लावला, केळीची पानं तुडवत ते तिच्या मागे गेले आणि तिला कवेत घेतलं. मूठ कुठे ठेवायची याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. सकाळी तिनं स्वतःच त्यांना जागा दाखवली होती, बोटभर वर.

झटका दिला. काही नाही. पुन्हा दिला. काही नाही. इंदिराबाईंचे गुडघे लटपटले, सगळा भार त्यांच्या हातांवर आला. ‘‘इंदे! जाऊ नको!’’ ते ओरडले आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून तिला जवळजवळ उचललंच.

खोबऱ्याचा एक जाड काप सुटला आणि लीलाधरांच्या पानावर जाऊन पडला.

इंदिराबाईंनी श्वास ओढला. विहिरीच्या कोरड्या रहाटासारखा आवाज झाला, पण त्या दिवशी कोणाच्या कानांना त्याहून गोड काही लागलं नसेल. मग त्या खोकल्या, रडल्या, पुन्हा खोकल्या. डॉक्टर बायकोला धरून तसेच खाली बसले. सोडायचं त्यांना सुचेना.

‘‘बठ्ठा घाबरी ग्यात ना माय,’’ झुलाल डोळे पुसत म्हणाला. घाबरले होते खरे सगळेच. लीलाधर आपल्या पानावरच्या त्या कापाकडे पाहत राहिले होते; ‘मोठा, मोठा’ पहिल्यांदा तेच ओरडले होते.

ओरडा ऐकून सुनंदाबाई कड्यावरून धावत आल्या. त्यांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावून दोन्ही बाजूंनी ऐकलं, पोट चाचपलं. ‘‘हवा नीट जातेय. तरी संध्याकाळी शहाद्याला एकदा दाखवून घेऊ,’’ त्या म्हणाल्या. पितांबर उठले आणि वयानं धाकट्या असलेल्या त्या बाईंपुढे हात जोडून वाकले.

‘‘बाई, तुमचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.’’

‘‘अहो, मला कशाला? मी तर सगळ्यांनाच शिकवलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही तर चपला शोधत होता. सदरा धरून कोणी ओढलं तुम्हाला?’’

डॉक्टर वळले. इंदिराबाई जीपच्या चाकाला टेकून बसल्या होत्या, कुंकू विस्कटलेलं, डोळे लाल. सगळ्या मंडळींसमोर पितांबर त्यांच्यापुढे उकिडवे बसले आणि त्यांनी हात जोडले.

‘‘तू आणलंस म्हणून आलो. तू हात धरलास म्हणून शिकलो. तुझा जीव तूच वाचवलास, इंदे. माझे नुसते हात.’’

‘‘काय करू राह्यले?’’ इंदिराबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. ‘‘लोक पाहू राह्यले.’’

‘‘पाहू दे.’’

इंदिराबाईंनी घसा खाकरला.

‘‘माझं नाव घेनं राहून गेलं होतं,’’ त्या म्हणाल्या. उखाण्याची पुढची ओळ त्यांना आठवेना, की नकोच होती, कोण जाणे. त्यांनी नवऱ्याचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले आणि नुसतंच म्हटलं, ‘‘पितांबर.’’

सगळ्या जन्मात बायकोच्या तोंडून आपलं नाव त्यांनी असं, यमकाशिवाय, कधी ऐकलं नव्हतं. शाळेत हजेरीला द्यावी तशी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, त्यांनी ‘ओ’ दिली.