सगळे म्हणजे कोण?

"या आदिमानवाला कशाला घेतलंयस गं यात?" लॅपटॉपवरून मान वर न करता नवऱ्याने विचारलं.

कॉलेजातल्या आमच्या मॅडमनीही समासात तेच विचारलं होतं. 'घरातील रुग्णसेवा' हा निबंध मी थेट गुहेतल्या माणसापासून सुरू केला होता. लग्नात सुटलेलं कॉलेज मुलगा नोकरीला लागल्यावर पुन्हा धरलं, तर आता हा शेवटचा निबंध बोकांडी बसला होता. पाचच्या आत दुरुस्त करून दिला नाही, तर वर्ष गेलं. नेहमीच्या चुकांचा एक कागद मॅडमनी आधीच वाटला होता. त्यातली एकही चूक मी सोडली नव्हती! जीव नुसता टांगणीला लागला होता. मी सांगत होते, नवरा टाइप करत होता. मध्येच उठून मी सासूबाईंना कुशीवर वळवून येत होते. अर्धांगवायू झाल्यापासून त्या खाटेवरच होत्या, पण कान तिखट.

"गेला आदिमानव. पुढे?"

"'घरातले सगळेच रुग्णाची सेवा करतात.' इथे मॅडमनी लिहिलंय, सगळे म्हणजे कोण? पुरावा द्या. बाई आहे की पोलीस!"

"दे की. मी, दादा, वहिनी, ताई..."

"दादा कधी आला होता रे?" खाटेवरून आवाज आला.

"आई, तो फोन करतो ना."

"फोनवरून कूस बदलतो का माझी?"

मला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडूच आलं. ते वाक्य लिहिताना माझा हात जरासुद्धा अडला नव्हता. आल्यागेल्यासमोर मी इतकी वर्षं तेच बोलत आले होते.

"'सगळेच' काढा," मी म्हटलं. "'एकटी सून करते' असं लिहा."

नवऱ्याची बोटं थांबली. "अगं, चार लोक वाचतील. काय अब्रू राहील आपली?"

"लिही रे," सासूबाई म्हणाल्या. "पुरावा हवा असेल तर मला येऊन विचारा म्हणावं."

त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तूच लिही बाई!" म्हणत तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. मी एका बोटाने एकेक अक्षर शोधत बसले. घड्याळाकडे बघवत नव्हतं.

सासूबाई कण्हल्या. पुन्हा वळवायची वेळ झाली होती. तो खाटेशी गेला, वाकला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. हात तसेच अधांतरी.

"कुठे धरू गं हिला?" त्याने मला विचारलं.

सवयीने मी अर्धी उठलेच.

"तू बस," सासूबाई म्हणाल्या. "पाचला द्यायचाय ना?" मग त्याला म्हणाल्या, "घाबरू नकोस. आधी खांद्याखाली हात घाल."

पाठीमागे दोघंही धापा टाकत होते. वळून न बघता बसून राहणं मला फार जड गेलं. निष्कर्ष अजून लिहायचा होता.